दुसऱ्या नांवाचा मल्ल

सोलापूर जिल्ह्यांतील गांवोगांवच्या जत्रांत तिसऱ्या प्रहरीं कुस्त्यांचा फड भरतो. हलगी वाजूं लागते, आखाड्याभोंवतीं माणसांचें कडें पडतें, आणि लहान पोरांच्या खोबऱ्या-रेवड्यांवरील कुस्त्या आटोपल्या, कीं मोठ्या जोडी लावण्याचें काम सुरू होतें. हें काम दिसतें तितकें सोपें नव्हे. एखादा परगांवचा तरुण लंगोट कसून पंचांपुढें उभा राहतो. त्याचें नांव कोणास ठाऊक नसतें. त्याची तालीम कोणती, वस्ताद कोण, हेंहि ठाऊक नसतें. परंतु जाणता पंच नांवाची फारशी चौकशी करीत बसत नाहीं. तो त्या तरुणाची मान पाहतो, दंड पाहतो, पाऊल कसें पडतें तें पाहतो, आणि शेवटीं त्याचा कान पाहतो. वर्षानुवर्षें मातींत घासून आणि प्रतिपक्ष्याच्या पकडींत चेंगरून मुरलेल्या पैलवानाचा कान मुडपून घट्ट झालेला असतो. असा कान दृष्टीस पडला, कीं पंच कोवळ्या पोरास मागें सारतो आणि त्या पाहुण्यासमोर त्याच्या तोडीचा गडी आणून उभा करतो. तोंडानें खोटें नांव सांगतां येईल; कान खोटें बोलत नाहीं.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जगांत एक नवाच फड उभा राहिला आहे. त्याला माती नाहीं आणि हलगीहि नाहीं. सोलापूरच्या पूर्व भागांत खालीं यंत्रमागांचा खडखडाट चालूं असतांना वरच्या खोलींत बसलेला एखादा तरुण मोबाइलच्या पडद्यावर अशा गड्यांशीं झुंजत असतो, कीं ज्यांचें तोंड त्यानें कधीं पाहिलेलें नाहीं व पुढेंहि पाहण्याचा संभव नाहीं. येथें जोड लावणारा पंच म्हणजे यंत्र. त्या यंत्रास मान दिसत नाहीं, दंड दिसत नाहीं, कानहि दिसत नाहीं. त्यास दिसतें तें एक खातें: खेळाडूनें घेतलेलें टोपणनांव आणि त्या नांवापुढें सांठलेला हारजितीचा हिशेब. या खात्यास आपल्याकडील मुलें 'आयडी' म्हणतात. आणि येथेंच एक चमत्कारिक प्रकार घडतो. ज्यानें वर्षानुवर्षें खेळून नांव मिळविलें, शिडीच्या वरच्या पायरीवर बैठक घातली, तोच मुरलेला खेळाडू कधीं कधीं तें नांव खुंटीस टांगतो, नवी कोरी आयडी काढतो आणि नवशिक्यांच्या गर्दींत जाऊन उभा राहतो. मिळविलेली कीर्ति माणूस अशी आपण होऊन कां टाकून देतो, आणि त्या वेषांतराची किंमत कोण मोजतो, या दोन प्रश्नांचा विचार आज करावयाचा आहे.

हें समजण्यासाठीं यंत्र जोड कशी लावतें तें आधीं पाहिलें पाहिजे. या पद्धतीचें मूळ बुद्धिबळांत आहे. हंगेरींत जन्मलेले आणि अमेरिकेंत पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक असलेले आर्पाद एलो यांनीं खेळाडूचें बळ मोजण्याची एक गणिती रीति सिद्ध केली. अमेरिकेच्या बुद्धिबळ महासंघानें ती १९६० सालीं स्वीकारली आणि जागतिक महासंघानें १९७० सालीं. प्रत्येक खेळाडूच्या नांवापुढें एक गुणांक असतो. समान गुणांकाचे दोघे समोरासमोर बसले, तर दोघांनाहि निम्म्या यशाची अपेक्षा धरावी. दोघांत २०० गुणांचें अंतर असेल, तर वरच्या खेळाडूनें शंभर डावांत सुमारें ७६ गुण मिळवावेत. ४०० चें अंतर असेल, तर सुमारें ९१. अपेक्षेहून अधिक कमाई झाली कीं गुणांक चढतो, कमी झाली कीं उतरतो. बलाढ्याकडून हरल्यास फारसें कांहीं जात नाहीं. बरोबरीच्या गड्याकडून हरल्यास बरेंच जातें. ही रीति पंचाच्या नजरेइतकीच न्यायी आहे, आणि तिची मजा अशी, कीं जसजसे डाव वाढतात तसतशी ती अधिक अचूक होत जाते.

संगणकावरील स्पर्धात्मक खेळांनीं हीच कल्पना निरनिराळ्या रूपांत उचलली. कोणी आंकडा उघड दाखवितो. कोणी तो पडद्याआड ठेवून खेळाडूस केवळ पायऱ्या दाखवितो. आपल्याकडे मुलांच्या तोंडीं असलेल्या बीजीएमआय या खेळांत ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, क्राउन व एस अशा चढत्या पायऱ्या आहेत आणि सर्वांत वर कॉन्करर आहे. बुद्धिबळाच्या लिचेस या स्थळावर नवागतास प्रारंभीं १५०० गुण देऊन बसवितात व मग त्याच्या खेळाप्रमाणें वरखालीं करतात. रूप कोणतेंहि असो, सारा डोलारा एका गृहीतावर उभा आहे: एक माणूस, एक नांव, एक हिशेब. अनुभवी खेळाडू दुसरी आयडी काढतो तेव्हां तो हेंच गृहीत मोडतो. यंत्राच्या दृष्टीनें तो त्या क्षणीं नुकताच जन्मलेला असतो.

या प्रकारास इंग्रजी बोलणाऱ्या खेळाडूंत 'स्मर्फिंग' असें नांव पडलें आहे. त्याची कथा मौजेची आहे. स्मर्फ म्हणजे बेल्जियममधील पेयो या चित्रकारानें १९५८ सालीं निर्माण केलेले निळे, वीतभर उंचीचे बुटके. १९९६ च्या सुमारास वॉरक्राफ्ट या खेळाच्या दुसऱ्या भागांत दोन खेळाडू इतके निष्णात झाले, कीं त्यांचीं नांवें पडद्यावर दिसतांच समोरचे लोक डाव सोडून जाऊं लागले. खेळावयास कोणी मिळेना. तेव्हां त्या दोघांनीं त्या बुटक्यांचीं नांवें धारण केलीं, नवशिक्यांसारखे वावरले, आणि डाव रंगांत आल्यावर आपलें खरें बळ दाखविलें. ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही, कीं या कथेच्या आरंभीं दुष्टपणा नाहीं. आरंभीं एकटेपणा आहे. फार मोठें नांव झालेल्या मल्लास जोड मिळेनाशी होते, ही गोष्ट आखाड्यांतहि घडते.

अनुभवी खेळाडूंचे हेतु तपासूं गेल्यास ते एकाच रंगाचे नाहींत असें दिसून येतें.

पहिला हेतु मैत्रीचा. शिडीच्या वरच्या टोंकास बसलेल्या तरुणाचा धाकटा भाऊ किंवा वर्गांतील मित्र खालच्या पायरीवर असतो. पुष्कळ खेळांत फार अंतर असलेल्या दोघांना गुणांकाच्या सामन्यांत एकत्र बसूं देत नाहींत. बसूं दिलें तरी समोर असे कसलेले गडी येतात, कीं धाकट्याची धूळधाण उडते. तेव्हां थोरला दुसरी आयडी काढून खालीं उतरतो. यांत प्रेम आहे. परंतु त्या प्रेमाचा खर्च समोरचे परके देतात.

दुसरा हेतु नवी विद्या शिकण्याचा. एका विशिष्ट भूमिकेंत पारंगत झालेल्या खेळाडूस कांहीं निराळें करून पाहावेंसें वाटतें. जुन्या नांवानें तें केलें तर प्रत्येक चुकीस गुण जातात, आणि संघांतील सोबती संतापतात तें वेगळेंच. असा मोह केवळ खेळाडूंना होतो असें नव्हे. राम गणेश गडकरी यांनीं नाटकें आपल्या नांवानें लिहिलीं, कविता गोविंदाग्रज या नांवानें लिहिली, आणि विनोदासाठीं बाळकराम हें तिसरें नांव घेतलें. एका नांवापाशीं लोकांनीं एक अपेक्षा बांधलेली असते. निराळ्या वाटेनें जाऊं पाहणारास निराळें नांव सोयीचें वाटतें.

तिसरा हेतु कीर्तीच्या जाचांतून सुटण्याचा. प्रसिद्ध खेळाडूचा खेळ हजारों लोक पाहत असतात. त्याचे डावपेंच आधींच अभ्यासून ठेवलेले असतात. कांहीं जण तर त्याचें चालूं प्रक्षेपण पाहून त्याच क्षणीं त्याच्याविरुद्ध चाल रचतात. फ्रेंच कादंबरीकार रोमँ गारी यांस १९५६ सालीं गाँकूर पारितोषिक मिळालें. हें पारितोषिक एका लेखकास एकदांच मिळावें असा नियम आहे. पुढें टीकाकारांनीं आपल्यास ठरीव सांच्यांत बसविलें आहे असें वाटून त्यांनीं एमील आजार या नांवानें लेखन आरंभिलें, आणि १९७५ सालीं त्या नांवासहि तेंच पारितोषिक मिळालें. सत्य उघडकीस आलें तें १९८० सालीं ते वारल्यानंतर. दुसऱ्या नांवानें पहिल्याच पायरीपासून चढून दाखविणें, यांत आपल्या गुणांची फेरपरीक्षा घेण्याचा एक अभिमान आहे. शिडीचें टोंक गांठलेले कांहीं खेळाडू तळापासून पुन्हां चढून दाखवितात, तेव्हां त्यांच्याहि मनांत हाच अभिमान असतो.

चौथा हेतु या सर्वांहून खोल आहे आणि त्याबद्दल बोललें मात्र सर्वांत कमी जातें. तो म्हणजे भीति. शिडी चढत असतांना गुणांक ही कमाई वाटते; वर पोंचल्यावर तीच ठेव होते, आणि ठेव सांभाळावी लागते. काल ज्यास प्रत्येक डाव हवाहवासा वाटत होता, तोच आज डाव सुरू करण्यापूर्वीं दहा वेळां विचार करतो. आज झोंप झालेली नाहीं, आज हात जड आहे, आज हरलों तर पायरी जाईल. मित्रमंडळींत ज्या नांवानें ओळख झाली, तें नांव खालीं घसरलेलें सर्वांना दिसेल. मग तो तें नांव जपून ठेवतो आणि खेळण्यासाठीं दुसरें काढतो. जुनें नांव लग्नांतल्या शालूसारखें पेटींत घडी करून राहतें. रोजच्या वापरास साधें लुगडें निघतें.

महाभारताच्या विराटपर्वांत याचें मोठें मार्मिक चित्र आहे. अज्ञातवासांत युधिष्ठिर कंक हें नांव घेऊन विराटाच्या सभेंत राहतो आणि राजाबरोबर द्यूत खेळतो. हाच तो युधिष्ठिर, कीं ज्यानें हस्तिनापुरांत आपल्या खऱ्या नांवानें फांसे टाकून राज्य, भाऊ आणि पत्नी पणास लावलीं. वनवासांत बृहदश्व ऋषींकडून त्यास अक्षविद्या मिळाली होती हें खरें. तरी पण कंक जेव्हां निश्चिंत मनानें खेळतो, जिंकतो आणि जिंकलेलें धन गुपचूप भावांस देतो, तेव्हां त्याच्या हातांत विद्येबरोबर आणखी कांहीं आलेलें असतें. कंकास सम्राटाची प्रतिष्ठा सांभाळावयाची नव्हती. हरला असता तर एक सभासद हरला असता. ही मोकळीक अनुभवी खेळाडूस दुसऱ्या आयडींत सांपडते. ती खोटी नाहीं, आणि तिची ओढ समजण्यासारखी आहे.

आतां राहिले दोन हेतु, ज्यांचें समर्थन करणें कठीण. एक म्हणजे स्वस्तांतला विजय. आपल्या तोडीच्या गड्यांकडून सारखा मार खाऊन वैतागलेला माणूस संध्याकाळीं खालच्या फडांत येतो आणि पोरांना लोळवून मन रिझवितो. दुसरा म्हणजे पैसा. कोणाची तरी आयडी घेऊन ती वरच्या पायरीवर चढवून द्यावयाची आणि मोबदला घ्यावयाचा, किंवा नवी आयडी चढवून ती विकावयाची, असा धंदा जगभर चालतो. विकत घेणारास बसावयास वरची पायरी मिळते, पण तेथें टिकण्याचें बळ मिळत नाहीं. मग त्याच्याबरोबर पडलेल्या सोबत्यांचेहि डाव बुडतात. नियमभंगामुळें ज्याचें मूळ खातें बंद झालें आहे तो मागल्या दारानें परत येतो, तोहि याच मेळाव्यांतला.

हेतु कसेहि असोत, परिणाम कोणावर होतो तें आंकड्यांनींच पाहणें बरें. समजा, एका खेळाडूचें खरें बळ २२०० आहे आणि नव्या आयडीवर त्याच्या नांवापुढें १५०० लिहिले आहेत. यंत्र त्याची जोड खऱ्या १५०० च्या मुलाशीं लावतें. कागदावर ही कुस्ती बरोबरीची. प्रत्यक्षांत ७०० गुणांचें अंतर असल्यामुळें त्या मुलास शंभर डावांत दोन गुण मिळाले तरी पुष्कळ. तो हरतो; आणि एलो यांच्या रीतीनें, डावाचें वजन २० धरल्यास, बरोबरीच्या गड्याकडून हरल्याबद्दल त्याचे १० गुण कापले जातात. प्रतिपक्ष्याचें खरें बळ यंत्रास ठाऊक असतें तर याच पराभवास अर्धा गुणहि गेला नसता. म्हणजे त्या मुलाचा पराभव खरा, पण त्यास झालेला दंड वीसपटीहून अधिक. संघाच्या खेळांत तर हानि एकावर थांबत नाहीं. डोटासारख्या खेळांत पांच विरुद्ध पांच अशी झुंज असते. तेथें एक वेषांतरित मल्ल शिरला, कीं उरलेल्या नऊ जणांचा डाव नांवापुरता राहतो. पांच हरतात तें कां हरले हें त्यांस कळत नाहीं, आणि चार जिंकतात तें कशानें जिंकले हें त्यांसहि कळत नाहीं.

गुणांची भरपाई होते. नंतरच्या डावांत चुकलेला गुणांक हळूहळू जागेवर येतो. मनाची भरपाई इतकी सोपी नाहीं. सातवीच्या परीक्षेंत मॅट्रिक झालेला मुलगा टोपी बदलून बसला आणि पहिला आला, तर वर्गांतल्या खऱ्या हुशार मुलास काय वाटेल? आपण मॅट्रिक झालेल्याकडून हरलों असें त्यास वाटणार नाहीं, कारण तें त्यास ठाऊकच नसतें. त्यास वाटेल, आपल्यासारखाच एक मुलगा आपल्याहून इतका पुढें आहे. अर्थात् आपल्यांत कांहीं नाहीं. नवशिक्या खेळाडूची हीच गत होते. पराभवापासून शिकावयाचें तर पराभवाचें माप खरें असावें लागतें. आपण कोणाकडून हरलों, किती अंतरानें हरलों, हें कळलें तर त्यांतून अभ्यास निघतो. माप खोटें असलें तर पराभवांतून केवळ न्यूनगंड निघतो, आणि बहुधा तो मुलगा पुढच्या वेळीं डाव मांडीतच नाहीं.

मग दुसरें नांव घेणें हें सर्वथा त्याज्य मानावें काय? येथें दोन गोष्टींचा विवेक केला पाहिजे. नांव लपविणें ही एक गोष्ट. बळ लपविणें ही दुसरी. नॉर्वेचा मॅग्नस कार्लसन हा बुद्धिबळाचा जगज्जेता असतांना २०१८ च्या सुमारास लिचेसवर डॉक्टर ड्रंकनस्टाइन अशा विनोदी नांवानें खेळत असे. परंतु तो ज्या स्पर्धांत उतरे, त्या पदवीधारक खेळाडूंच्याच असत. प्रतिपक्षी कसलेले, नांवापुढचा गुणांक डोंगराएवढा, आणि मुखवट्याआड कोण आहे याचें गुपितहि फार दिवस टिकलें नाहीं. त्यानें नांव बदललें, बळ उघड ठेवलें. समोरच्यास आपण कोणत्या पल्ल्याच्या मल्लाशीं लढतों आहों हें ठाऊक होतें. त्यानें कोणाचें कांहीं गेलें नाहीं. गडकऱ्यांच्या गोविंदाग्रजानेंहि कोणाचें कांहीं नेलें नाहीं.

बळ लपविण्याची कथा निराळी. विराटनगरींत ब्रह्मोत्सवासाठीं देशोदेशींचे मल्ल जमले असतां जीमूत नांवाचा मल्ल सर्वांना आव्हान देत उभा राहिला. कोणी पुढें येईना. तेव्हां राजानें आपल्या आचाऱ्यास, बल्लवास, आखाड्यांत उतरविलें. हा बल्लव म्हणजे भीम. ओळख फुटेल म्हणून त्याची इच्छा नव्हती, पण राजाज्ञा मोडतां येईना. जीमूत त्या झुंजींत प्राणास मुकला. येथें भीमाच्या बाजूनें दोन गोष्टी सांगतां येतात: तो आपण होऊन उतरला नव्हता, आणि समोर नवशिका नव्हता, सर्वांना ललकारणारा मल्ल होता. तरीहि समोर उभा आहे तो भीम, हें जीमूतास ठाऊक नव्हतें, एवढी बोंच कथेंत राहतेच. आपण होऊन, कोंवळ्या पोरांसमोर, रोज संध्याकाळीं बल्लव बनून उतरणाऱ्या खेळाडूजवळ तर भीमाच्या त्या दोन सबबींपैकीं एकहि नसते.

खेळ चालविणाऱ्यांनीं याविरुद्ध उपाय योजले नाहींत असें नाहीं. डोटाच्या दुसऱ्या भागाचा धनी असलेल्या व्हॉल्व्ह या कंपनीनें २०१७ सालीं गुणांकाच्या सामन्यांसाठीं प्रत्येक खात्यास स्वतंत्र दूरध्वनि क्रमांक जोडणें आवश्यक केलें. पुढें सप्टेंबर २०२३ मध्यें तिनें ९०,००० दुय्यम खातीं एकदम कायमचीं बंद केलीं, आणि त्या प्रत्येक खात्याचा माग त्याच्या मूळ खात्यापर्यंत लावल्याचें जाहीर केलें. दक्षिण कोरियानें तर मोबदला घेऊन दुसऱ्याचा गुणांक चढवून देण्याच्या धंद्याविरुद्ध २०१८ च्या अखेरीस कायदा केला. २०१९ पासून अमलांत आलेल्या या कायद्यांत दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी वॉनपर्यंत दंड सांगितला आहे. आपल्या संसदेनें ऑगस्ट २०२५ मध्यें केलेल्या कायद्यानें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला, म्हणजे या स्पर्धात्मक खेळांना, खेळ म्हणून मान्यता दिली. एखाद्या गोष्टीस खेळ म्हटलें, कीं खेळाची नीति ओघानेंच येते.

गणितानेंहि आपला हात दिला आहे. एलो यांच्या नंतर मार्क ग्लिकमन या संख्याशास्त्रज्ञानें अशी सुधारणा केली, कीं गुणांकाबरोबर त्या गुणांकाविषयींची अनिश्चितताहि मोजली जावी. नव्या खात्याबद्दल यंत्राची खात्री कमी असते. म्हणून तें खातें पहिल्या थोड्या डावांत भराभर जिंकूं लागलें, कीं गुणांक मोठमोठ्या उड्या घेतो आणि तो वेषांतरित मल्ल लवकरच आपल्या तोडीच्या गड्यांत जाऊन पडतो. यंत्राला कान दिसत नाहीं हें खरें, पण पाऊल कसें पडतें तें पाहण्यास तें शिकत आहे. त्यावर लबाडांनींहि तोड काढली आहे. ते मुद्दाम हरून गुणांक खालीं ठेवतात. ही युक्ति जुनी आहे; ठराविक गुणांकाखालील खेळाडूंसाठीं वेगळीं बक्षिसें ठेवणाऱ्या बुद्धिबळाच्या स्पर्धांत ती पूर्वींपासून ठाऊक आहे. म्हणूनच अमेरिकेच्या महासंघानें खेळाडूच्या उच्चांकाखालीं सुमारें २०० गुणांवर एक तळ ठरवून दिला. त्याखालीं गुणांक उतरूंच शकत नाहीं.

तथापि पहारा कितीहि वाढविला, तरी वर सांगितलेली भीति जोंपर्यंत शिल्लक आहे तोंपर्यंत दुसऱ्या नांवाची ओढ राहणारच. म्हणून दंडाबरोबर सोयहि हवी. धाकट्या भावाबरोबर खेळतां यावें म्हणून गुणांकाशिवायचे सामने हवेत, आणि कांहीं खेळांत ते आहेतहि. नवी भूमिका शिकणारास त्या भूमिकेपुरता निराळा गुणांक मिळाला, तर तो लपेल कशाला? तालमींत ही सोय पिढ्यान्‌पिढ्या आहे. तेथें मोठा पैलवान रोज पोरांशीं लढतो, आपलें बळ आवरून घेतो, मुद्दाम एखादी पकड बसूं देतो आणि मग ती कशी सोडवावी तें दाखवितो. पोरास ठाऊक असतें कीं समोर कोण आहे. म्हणून दहा वेळां चीत होऊनहि तें हिरमुसत नाहीं, उलट घरीं जाऊन सांगतें कीं आज वस्तादांनीं मला खेळविलें. बळांतील अंतर तेंच, माती तीच, पराभवहि तोच. एकाच गोष्टीचा फरक आहे: तेथें कोणी कोणाची फसवणूक केलेली नसते.

ज्या घरांत असा खेळणारा तरुण आहे, तेथील वडीलधाऱ्यांस या साऱ्याचा उपयोग काय, असें कोणी विचारील. मुलाच्या दोन आयडी आहेत हें कानावर आलें, कीं कांहीं घरांत एकदम आकाश कोसळतें, तर कांहीं घरांत 'पोरांचा खेळ' म्हणून तें हंसण्यावारी जातें. दोन्ही टोंकें चुकीचीं आहेत. आयडी किती आहेत यापेक्षां दुसऱ्या आयडीनें तो कोणासमोर उभा राहतो, हें विचारणें अधिक फलदायी. मित्रासोबत बिनगुणांकाचा डाव मांडीत असेल तर त्यांत वावगें कांहीं नाहीं. नवशिक्यांना लोळवून रोज स्वतःची समजूत घालीत असेल, तर त्याच्या खऱ्या नांवाच्या फडांत कांहीं तरी बिनसलें आहे असें जाणावें. पैसे घेऊन दुसऱ्याची पायरी चढवीत असेल, तर तें काम सोडावयास त्याला स्पष्ट सांगावें. आणि जुनें नांव जाईल या भीतीनें तें नांव घेऊन खेळतच नसेल, तर त्याला रागें भरण्यांत अर्थ नाहीं. परीक्षेंत पहिला नंबर गेला म्हणजे घरांत जें मुकें सुतक पाळलें जातें, तेथूनच ही भीति त्याच्या अंगीं आली असण्याचा पुष्कळ संभव आहे. हरलेल्या मुलास ज्या घरांत नेहमीच्याच आवाजांत जेवावयास हांक मारतात, तेथील मुलास दुसऱ्या नांवाची गरज कमी भासते.

जत्रेच्या फडांत नांवाजलेला मल्लहि कधीं कधीं चीत होतो. चार हजार डोळे त्याची पाठ मातीस लागलेली पाहतात, आणि गांवांत त्याची चर्चा वर्षभर चालते. तो उठतो, अंगावरची माती झाडतो, जिंकणाराचा हात आपल्या हातानें वर करतो आणि गर्दींतून वाट काढीत चालूं लागतो. पुढल्या वर्षीं हलगी वाजली म्हणजे तो पुन्हां येतो, आणि पंचांनीं विचारलें तर आपलें तेंच नांव सांगतो.